माडीवरचा देशकार

फोंडा, गोवा
श्रावणातला सोमवार

प्रिय बाब्या,

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला महिना लागला. पण परवा जे ऐकलं ते तुला सांगितल्याशिवाय राहवत नाही.

आपला जुना वाद आठवतो? गवयाने गावं, बोलू नये, हे माझं म्हणणं. तू दर वेळी रविशंकरांना मध्ये आणायचास. १९७१ साली न्यूयॉर्कला बांगलादेशच्या मदतीसाठी कार्यक्रम होता. सतार-सरोद जुळवून झाल्यावर लोकांनी टाळ्या वाजवल्या, तेव्हा ते म्हणाले की जुळवणंच एवढं आवडलं असेल तर वाजवणं त्याहून आवडेल अशी आशा आहे. तू हे रंगवून सांगायचास आणि मी म्हणायचो, परदेशात ठीक आहे, आपल्याकडे कशाला? मी ज्या मातीत वाढलो तिथल्या गायिका म्हणजे केसरबाई केरीच्या, मोगूबाई कुर्डीच्या. मोगूबाईंच्या लेकीला, किशोरीताईंना, तर श्रोत्यांची चुळबुळही खपत नसे. गाणं म्हणजे एवढं कडक व्रत, हेच माझ्या डोक्यात बसलेलं.

परवा आमच्या देवळाच्या सभामंडपात एका बाईंचं गाणं होतं. नाव मुद्दाम लिहीत नाही, प्रत्यक्ष भेटीत सांगेन. पन्नाशीच्या असतील. समोर दीडशेएक माणसं, त्यातली निम्मी आरतीला आलेली आणि पाऊस थांबेना म्हणून बसून राहिलेली. आईही त्यांतलीच. बाईंनी भूप राग सुरू केला, दहा मिनिटंही झाली नसतील आणि लायट गेली. माइक बंद, पंखे बंद. समईच्या उजेडात बाईंचा चेहरा तेवढा दिसत होता. लोक उठू लागले. आता गाणं संपलं असं मी धरूनच चाललो.

बाई शांतपणे म्हणाल्या, "लांब बसलात म्हणून माइक लागत होता. आता जवळ या." आणि लोक खरंच सरकत सरकत पार त्यांच्या पुढ्यात येऊन बसले. हवेत इतका ओलावा की तानपुरा उतरला होता. तो जुळवायला घेतला तशी पुढच्या दोन पोरांना त्यांनी बोटाने जवळ बोलावलं. तारेखाली घोडीवर सुताचा एवढासा धागा असतो ना, जवारीचा, तो त्यांना दाखवला. आधी धागा काढून तार छेडली: कोरडा, ठोकल्यासारखा आवाज. मग धागा सरकवत सरकवत नेमक्या जागी आणला आणि तीच तार भुंग्यासारखी घुमायला लागली. एका पोराने तोंडावर हात ठेवला. बाब्या, मी तीस वर्षं पेटी वाजवतोय, जवारी मला ठाऊक आहे, तरी माझ्याही अंगावर काटा आला.

मग ते घडलं ज्यासाठी हे पत्र लिहितोय. आईने भर मंडपात विचारलं, "बाई, शब्द तर दोनच ओळींचे, मग नुसतं आ-आ कशाला?" मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. पण बाईंनी तानपुरा मांडीवर नीट टेकवला आणि विचारलं, "आई, तुम्ही नातवंडांना निजवलं असेल. ओवी संपली आणि पोर अजून जागं असलं, तर काय करायच्या?" आई म्हणाली, "काय करणार? ऊं-ऊं करून थोपटत राहायचं." "तोच आलाप," बाई म्हणाल्या, "शब्द संपले तरी मायेला अजून काही सांगायचं असतं." आणि आईने जसं ऊं-ऊं केलं होतं तसंच त्यांनी केलं, हळूच गंधारावर, म्हणजे ग वर, आल्या आणि तिथेच राहिल्या. किती वेळ, ते सांगता येणार नाही. पागोळ्यांचा आवाज तेवढा येत होता.

पुढे भजनाला कासाळी, म्हणजे झांजा, वाजवणाऱ्या एकाला त्यांनी तीनतालाची खाली, म्हणजे टाळीऐवजी हात उघडायची मात्रा, धरायला लावलं. नवव्या मात्रेला हात उघडा, बाकी तुझ्या हाताला सम, पहिली मात्रा, आधीच ठाऊक आहे, म्हणाल्या. तो गडी शेवटपर्यंत चुकला नाही. झाकीरभाई तबल्यावर डमरू नि शंख वाजवून दाखवायचे, तेव्हा मला ती निव्वळ करामत वाटायची. आता वाटतं, समोरच्या माणसाला आधीपासून काय येतं ते हुडकून तिथूनच त्याला हाताला धरून आत न्यायचं, हे त्यांना साधलं होतं. हे पाठ करून येत नाही. बाई कुणाकडे किती वेळ बघतात, कुठे थांबतात, ते मी नीट पाहत होतो. एक वाक्य जास्तीचं नव्हतं. बोलून झालं की त्या अशा गप्प होत की पुढचा स्वर आपणच मागावा.

शेवटी भूप आणि देशकार या दोन रागांतला फरक. स्वर तेच पाच, सा रे ग प ध, मध्यम-निषाद दोन्हींत नाहीत. मला माझ्या गुरुजींनी वादी-संवादी, म्हणजे रागाचे दोन मुख्य स्वर, घोकायला लावून शिकवलेला. बाई म्हणाल्या, "घर एकच समजा. भूप संध्याकाळी खाली सोप्यावर गंधाराशी बसलेला असतो. देशकार सकाळी माडीवर, धैवताच्या खिडकीत. रात्रीचा देशकार गायचा नसतो, पण ओळख करून देते." आणि चार स्वरांत खरंच कुणी जिना चढून वर गेल्यासारखं झालं. लायट आली तेव्हा कुणीतरी उठून दिवे मालवा म्हणाला, आणि मालवले.

वाद तू जिंकलास, हे मनापासून लिहितोय. इतकी वर्षं मी आईला मैफलीला कधी नेलं नाही, तिला कळणार नाही म्हणून. त्याचं फार वाईट वाटतंय.

आज सकाळी मी देशकार लावला होता. आई रगड्यापाशी खोबरं वाटत होती. हात थांबवून म्हणाली, "हें माडयेवयलें न्हय रे?"

चवथीला येशील तेव्हा तुझ्या संग्रहातले जेवढे देशकार असतील तेवढे घेऊन ये. आईने मागितलेत.

तुझाच,
भाई