चाचणी सरकारची, झेरॉक्स पालकांच्या पैशाने

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सरकारी शाळांतल्या परीक्षांचे आदेश बेंगळुरूहून निघतात. खानापूर तालुक्यातल्या खेड्यात त्यांचा खर्च कोणावर पडतो, ते वाचकांपुढे यावे म्हणून हे पत्र.

आता पाठ संपला की चाचणी घ्यायची आणि गुण ऑनलाइन भरायचे. मुलाचे कुठे अडते ते वेळीच कळावे हा हेतू मला मान्य आहे. पण आमच्या गावच्या मराठी शाळेत पाच वर्गांना दोन शिक्षक. प्रश्नपत्रिका छापून येत नाहीत. शनिवारची शाळा सुटली की गुरुजी खानापूरला जाऊन झेरॉक्स काढून आणतात. पावसाळ्यात बस आली नाही, तर सोमवारी प्रश्न फळ्यावर लिहितात. चौथीची मुले ते उतरवून घेतात, तोवर शेजारी बसलेल्या दुसरीच्या मुलांना काहीच शिकवणे होत नाही. झेरॉक्सचे पैसे कधी गुरुजी घालतात, कधी आम्ही पालक. एसडीएमसीच्या, म्हणजे पालकांच्या शाळा समितीच्या बैठकीत हा विषय निघतोच निघतो. रोजगाराला जाणाऱ्या बाईकडे पुन्हा पुन्हा वीस रुपये मागायला आम्हाला लाज वाटते. शिक्षण हक्क कायद्याने आठवीपर्यंतचे शिक्षण मोफत केले, मग चाचणीचा कागद त्यात येत नाही का?

नियमांचेही तेच. 2024 च्या मार्चमध्ये पाचवी, आठवी, नववीची बोर्डाची परीक्षा सुरू झाली, सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने मध्येच थांबली, उच्च न्यायालयाच्या निकालानंतर उरलेले पेपर झाले आणि एप्रिलमध्ये परीक्षेच्या निकालालाच स्थगिती आली. पाचवीतल्या पोरांनी यातून काय समजून घ्यायचे? त्याच वर्षी दहावीच्या केंद्रांवर वेबकास्टिंग, म्हणजे कॅमेऱ्यांतून थेट देखरेख आली. कॉपीला आळा बसला, हे चांगलेच झाले. पण राज्याचा दहावीचा निकाल आदल्या वर्षीच्या 83.89 वरून 73.40 टक्क्यांवर आला, तोही वाढीव गुण देऊन. जी मुले मागे पडली त्यांना शिकवायला माणूस हवा, आणि तोच आमच्याकडे नाही.

परीक्षेचे नियम जूनमध्ये ठरावेत आणि वर्षभर तेच राहावेत. प्रत्येक आदेशात छपाईची तरतूद लिहिलेली असावी. मराठी माध्यमाच्या प्रश्नपत्रिका कन्नडबरोबरच छापून शाळेपर्यंत पोहोचवाव्यात. शिक्षकांच्या रिकाम्या जागांचा प्रश्न सीमाभागातल्या आमदारांनी येत्या अर्थसंकल्पी अधिवेशनात विचारावा, ही विनंती.

आपला,
एक पालक व एसडीएमसी सदस्य,
जांबोटी परिसर, ता. खानापूर, जि. बेळगाव