रुग्ण शांत आहे, एवढ्यावर समाधान नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या पुरवणीतला डिमेन्शियावरचा (स्मृतिभ्रंशावरचा) लेख वाचला. आजाराची माहिती नेमकी आणि सोप्या भाषेत होती, त्याबद्दल आभार. पण निवासी केंद्रांचा विषय शेवटच्या चार ओळींत उरकला आहे आणि तिथे ‘रुग्ण शांत राहतात’ ही त्यांची जमेची बाजू म्हणून सांगितली आहे. माझे वडील अशाच एका केंद्रात राहतात, म्हणून हे पत्र. रुग्ण शांत असतो तो कधी त्याला बरं वाटत असतं म्हणून, तर कधी त्याला गुंगीची गोळी दिलेली असते म्हणून. तासाभरासाठी भेटायला आलेल्या नातेवाइकाला यातला फरक कळत नाही. दिवाणखान्यात खुर्च्यांवर ओळीने बसलेली गप्प माणसं बघून तो निश्चिंत मनाने घरी जातो.

डिमेन्शिया म्हणजे फक्त विसरणं, हा समज या गोंधळाच्या मुळाशी आहे. अल्झायमर हे सगळ्यात मोठं कारण; 60 ते 70 टक्के रुग्णांत तोच असतो. पण मेंदूच्या रक्तवाहिन्यांमुळे होणारा डिमेन्शिया वेगळा, मेंदूत ‘लेवी बॉडी’ नावाचे प्रथिनांचे गोळे साचून होणारा वेगळा. मेंदूच्या पुढच्या आणि कानशिलाजवळच्या भागाला ग्रासणाऱ्या फ्रंटोटेम्पोरल प्रकारात तर आठवणी बराच काळ शाबूत राहतात, आधी बदलतो तो स्वभाव. आणि डोळे चांगले असूनही दिसण्यात फरक पडतो, हे फार कमी जणांना माहीत असतं. दारातलं काळं पायपुसणं खड्ड्यासारखं भासतं, आरशात कुणीतरी परका माणूस उभा असतो. मग ती व्यक्ती दारातच अडून बसते किंवा न्हाणीघरात जायला नकार देते. आपण त्याला हट्टीपणा म्हणतो. पायपुसणं उचललं, आरसा झाकला, की पुष्कळदा प्रश्न तिथेच मिटतो.

माझ्या वडिलांनी आयुष्यभर छापखान्यात रात्रपाळी केली. केंद्रात आल्यावर मध्यरात्र उलटली की ते उठायचे, व्हरांड्यातून फेऱ्या मारायचे, प्रत्येक दाराची कडी हलवून बघायचे. ‘आजोबा झोपत नाहीत, गोळी वाढवून घ्या,’ असा निरोप आम्हाला आला. रात्रीच्या ड्यूटीवरच्या एका मावशींनी मात्र मला विचारलं, ‘आजोबा आधी काय काम करायचे?’ मी सांगितलं. दुसऱ्या रात्री त्यांनी टेबलावर दिवा लावला आणि कोऱ्या कागदांचा एक गठ्ठा वडिलांपुढे ठेवला. वडिलांनी गठ्ठा टेबलावर आपटून कडा जुळवल्या, अंगठ्याने कोपरे चाळत मोजणी केली, एक कागद दिव्यासमोर धरून बघितला, पुन्हा मोजणी केली. बराच वेळ हे चाललं. मग ‘झालं’ म्हणून ते उठले आणि आपणहून खोलीत जाऊन झोपले. गोळी वाढवावी लागली नाही. त्या मावशींनी हे कुठल्या प्रशिक्षणात शिकलं नव्हतं. त्यांना माणसाबद्दल कुतूहल होतं, आणि तेवढा वेळ देता येईल इतकीच माणसं त्यांच्याकडे सोपवलेली होती.

ही दुसरी गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. एका बाईवर रात्री तीसेक जणांचा भार असेल, तर तिचा स्वभाव कितीही मायाळू असला तरी ती गोळीच मागणार. दोष तिचा नव्हे, तशी व्यवस्था लावणाऱ्याचा आहे.

गोळ्या कधीच देऊ नयेत, असं माझं म्हणणं नाही. स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा होईल इतका त्रास असेल तर त्या लागतात. पण त्यांची किंमत ठाऊक हवी. डिमेन्शिया असलेल्या वृद्धांना मनोविकारावरची ही औषधं दिल्यास मृत्यूचा धोका वाढतो, असा ठळक इशारा अमेरिकेच्या औषध नियामकाने 2005 सालीच द्यायला लावला. लेवी बॉडीच्या रुग्णाला तर त्यांतली काही औषधं फारच घातक ठरू शकतात. म्हणून अशी गोळी सुरू करताना ती कशासाठी आहे आणि बंद करायची की नाही हे केव्हा ठरवणार, हे दोन प्रश्न घरच्यांनी डॉक्टरांना विचारलेच पाहिजेत. नाहीतर तात्पुरती म्हणून आलेली गोळी कायमची होऊन बसते.

याच्याशी जोडून एक सांगते. चांगला असलेला माणूस एक-दोन दिवसांत अचानक चिडका झाला, बरळू लागला किंवा उलट सुस्त पडून राहिला, तर ‘आजार वाढला’ म्हणून गप्प बसू नका. डिमेन्शिया सहसा असा एका रात्रीत वाढत नाही. लघवीचा संसर्ग, बद्धकोष्ठता, कमी पाणी, दुखणारा दात, नव्याने सुरू झालेलं औषध, असं काहीतरी बहुधा मागे असतं. ‘माझं दुखतंय’ हे सांगता येत नाही, म्हणून तो माणूस ओरडतो. अशा वेळी गुंगीचं औषध दिलं तर ओरडणं थांबतं, दुखणं तसंच राहतं.

निवासी केंद्रात ठेवलं म्हणजे टाकून दिलं, असं बोलणाऱ्यांना मी एवढंच विचारीन की, चोवीस तास जागं राहणं एका माणसाला किती वर्षं जमतं? जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीनुसार 2021 मध्ये जगात 5 कोटी 70 लाख लोकांना डिमेन्शिया होता आणि दरवर्षी जवळपास 1 कोटींची भर पडते. एवढ्या सगळ्यांना घरचे एकट्याने सांभाळतील, असं मानून चालणं म्हणजे घरच्यांनाही आजारी पाडणं.

नेदरलँड्समध्ये वेस्प या गावी डिमेन्शिया असलेल्यांसाठी होगेवेक नावाची वस्ती आहे. तिथल्या दुकानांचे आणि चौकाचे फोटो जगभर फिरतात. माझ्या मते खरी गोष्ट त्या फोटोंत येत नाही. तिथे सहा-सात जणांचं एकेक घर आहे, स्वयंपाक त्याच घरात होतो आणि बाहेर मोकळं फिरता येतं. चौक नसला तरी चालेल. लहान गट, रोजची तीच ओळखीची माणसं आणि फिरायला सुरक्षित अंगण एवढं साध्या केंद्रालाही जमण्यासारखं आहे.

आपल्या वृत्तपत्रात अशा केंद्रांच्या जाहिराती येतात. खाटा किती, कॅमेरे किती, डॉक्टर केव्हा येतात, हे सगळं त्यात असतं. रात्री किती जणांमागे एक कर्मचारी जागा असतो आणि किती रहिवाशांना गुंगी आणणारं औषध सुरू आहे, या दोन गोष्टी कुठेच नसतात. पुढच्या पुरवणीत आपल्या वार्ताहरांनी चार केंद्रांत जाऊन एवढंच विचारावं आणि मिळालेली उत्तरं जशीच्या तशी छापावीत, ही विनंती.

आपली,
एक वाचक