एवढ्याशा घराला एवढे पैसे का दिले

ती. आई-बाबा,
सा. न.

बाबा, रविवारी तुम्ही विचारलंत की एवढ्या पैशात आपल्याकडे बंगला झाला असता, मग हे साठ वर्षांचं जुनं, एकच धड बाथरूम असलेलं घर का घेतलंत. समीरने हसून टाळलं, आईने विषय हापूसच्या पेटीवर नेला आणि ते राहूनच गेलं. म्हटलं आता नीट लिहूनच पाठवते, लांबलं तर लांबलं, तुम्हाला वाचायला वेळ आहे आणि आईला वाचून दाखवायची हौस तुम्हाला आहेच.

तर बाबा, आम्ही घर असं घेतलंच नाही, शाळा घेतली. इथे अमेरिकेत सरकारी शाळा फुकट असते हे खरं आहे, फी नाही, पुस्तकं शाळेचीच, लांब राहत असाल तर पिवळी बस न्यायला येते, आणि बहुतेक सगळी मुलं सरकारी शाळेतच जातात, डॉक्टरची पण आणि प्लंबरची पण. पण कुठल्या सरकारी शाळेत जायचं ते तुमचा पत्ता ठरवतो आणि त्या शाळेकडे पैसे किती ते त्या गावातली घरं ठरवतात. वॉशिंग्टनहून, म्हणजे केंद्र सरकारकडून येतात ते शंभरातले जेमतेम दहा, बाकीचे काही राज्य देतं आणि काही गावाने स्वतः उभे करायचे, ते मुख्यतः घरपट्टीतून. आमच्या न्यू जर्सीत घरपट्टी अख्ख्या देशात सगळ्यात जास्त, सरासरी वर्षाला दहा हजार डॉलरच्या आसपास, आणि त्यातली निम्मी शाळेला जाते. मग जिथे घरं महाग तिथे पट्टी जास्त जमते, शाळा चांगली चालते, शाळा चांगली म्हणून लोक घराला अजून पैसे मोजतात, की घरं अजून महाग. घरं शोधायच्या ॲपवर प्रत्येक घराच्या खाली जवळच्या शाळेला दहापैकी मार्क दिलेले असतात. मधे एक रस्ता, अलीकडची शाळा नऊ, पलीकडची चार, घरं सारखीच, अंगणातली झाडंसुद्धा सारखी आणि किमतीत लाखभर डॉलरचा फरक! आपली मराठी मंडळी जमली की गप्पांचे विषय दोनच असतात, ग्रीन कार्ड आणि स्कूल डिस्ट्रिक्ट, म्हणजे कोणाचं घर कुठल्या शाळांच्या हद्दीत.

तुम्ही अख्खं आयुष्य जिल्हा परिषदेच्या शाळेत काढलंत म्हणून हे तुम्हाला जास्त कळेल. आपल्याकडे पैसेवाले सरकारी शाळा सोडून इंग्लिश मिडियमला निघून गेले आणि मागे राहिलेल्यांची शाळा ओस पडली, तुम्ही किती वर्ष पटासाठी घरोघर फिरलात ते मी बघितलंय. इथले पैसेवाले सरकारी शाळेतच आहेत, फक्त ते गावच वेगळं करून बसलेत. आणि त्यात आता आम्हीही आहोत, सईच्या वर्गात निम्मी नावं शहा, रेड्डी, चेन अशी आहेत, छान शाळा आहे, तक्रार करायला जागा नाही, पण मधला तो रस्ता रोज ऑफिसला जाताना लागतो.

तुम्हाला आवडेल म्हणून एक खटला सांगते. टेक्सासमधल्या सॅन अँटोनियो शहरात एजवूड म्हणून गरीब, बहुतेक मेक्सिकन वंशाच्या लोकांचा भाग आहे. तिथली पट्टी होती घराच्या किमतीच्या दर शंभर डॉलरला १ डॉलर ५ सेंट, आणि त्यातून मुलामागे जमायचे २६ डॉलर. त्याच शहराजवळ अलामो हाइट्समध्ये पट्टी कमी, ८५ सेंट, आणि जमायचे ३३३ डॉलर. म्हणजे गरीब माणूस जास्त दराने पट्टी भरणार आणि त्याच्या पोराच्या वाट्याला बारावा हिस्सा पण नाही. डिमेट्रिओ रॉड्रिग्ज नावाच्या एका कामगार बापाने बाकी पालकांना बरोबर घेऊन कोर्ट गाठलं, खटला थेट सुप्रीम कोर्टापर्यंत गेला आणि १९७३ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी ते हरले. कोर्ट म्हणालं, शिक्षण हा अमेरिकेच्या घटनेने दिलेला मूलभूत हक्क नाही. आपल्याकडे आरटीई, म्हणजे शिक्षण हक्क कायदा, २०१० पासून लागू आहे, अंमलबजावणीवर तुम्ही कितीही बोटं मोडलीत तरी हक्क म्हणून कागदावर तरी आहे, इथे देशाच्या पातळीवर तेवढंही नाही.

मग लोक राज्याराज्याच्या कोर्टात गेले कारण राज्यांच्या घटना वेगळ्या. आमच्या न्यू जर्सीच्या घटनेत सगळ्या मुलांना नीट, पुरेसं शिक्षण द्यायची जबाबदारी राज्यावर आहे. कॅम्डेन वगैरे गरीब शहरांतल्या मुलांच्या वतीने १९८१ ला खटला भरला, ॲबट खटला म्हणतात त्याला, १९९० ला कोर्टाने सांगितलं की या शहरांतल्या मुलांमागे राज्याने श्रीमंत उपनगरांइतकाच खर्च करायचा, आणि १९९८ ला तर तिथल्या तीन-चार वर्षांच्या मुलांसाठी बालवाडी पण सुरू करायला लावली. ३१ गावांना हे लागू झालं. म्हणजे त्यातल्या नेवार्कच्या मुलाला बालवाडी फुकट आणि आम्ही सईच्या डेकेअरला महिन्याला जे मोजत होतो त्यात आईच्या सगळ्या भिशा निघाल्या असत्या. मला ते खटकत नाही, उलट या देशातली मला सगळ्यात पटलेली गोष्ट असेल तर हीच. आमच्या शेजारच्यांना मात्र भारी खटकतं, आमची पट्टी त्यांना का म्हणून. पण पैसे गेले म्हणून सगळं सरळ झालं असंही नाही हो, कॅम्डेनमधे गरिबी आहे तशीच आहे आणि शाळेतून सुटल्यावर मूल घरीच जातं ना.

अजून एक, खास तुमच्यासाठी. इथे शिक्षक वर्गासाठी पेन्सिली, कागद, टिश्यू स्वतःच्या खिशातून आणतात आणि हे इतकं ठरलेलं आहे की टॅक्सच्या फॉर्ममध्ये त्यासाठी तीनेकशे डॉलरची वजावट ठेवलीय! तुम्ही खडू विकत आणायचात तर आई ओरडायची, तुम्हाला कधी कोणी वजावट दिली नाही.

आता जेवणाचं. सईच्या शाळेत मुलं जेवण घेताना कॅन्टीनमध्ये एक नंबर दाबतात, कोणाचे पैसे कापले आणि कोणाला फुकट ते बाकीच्यांना दिसत नाही, चांगली सोय आहे. पण फुकटसाठी घरून फॉर्म भरावा लागतो, माणसं किती, कमाई किती, सगळं. सरकारने ठरवलेल्या गरिबीच्या रेषेच्या १३० टक्क्यांपर्यंत कमाई असेल तर फुकट, १८५ पर्यंत असेल तर ४० सेंट, त्यावर गेलात तर पूर्ण पैसे, आमच्या राज्याने ही अट सैल केलीय पण काढलेली नाही. कोरोनात सगळ्या मुलांना फुकट होतं, कोणाला काही विचारायचे नाहीत, २०२२ च्या उन्हाळ्यात ते संपलं. कॅलिफोर्निया, मिनेसोटा अशा काही राज्यांनी मग स्वतःच्या पैशाने सगळ्यांना चालू ठेवलं. मला तुमच्या शाळेतली खिचडी आठवते. तांदळाचा हिशोब लिहिताना तुम्ही वैतागायचात, पण रांगेत सरपंचाचा नातू पण असायचा आणि उत्पन्नाचा दाखला कोणाकडे कोणी मागितला नाही.

इथे जे काही सरकारी मिळतं त्याचं असंच आहे, आधी आपण गरीब आहोत हे सिद्ध करा आणि मग दर काही महिन्यांनी परत करा. सईच्या वर्गात एक मदतनीस बाई आहे, पॅरा म्हणतात तिला, अपंग मुलांना सांभाळते, कष्टाचं काम. एकदा दुकानात ती माझ्या पुढे होती. सरकारकडून जेवणाखाण्यासाठी कार्ड मिळतं, पूर्वी फूड स्टॅम्प म्हणायचे, दर आठ माणसांत एकाकडे असतं आणि माणशी दिवसाला सरासरी सहाएक डॉलर पडतात. तिने भाजलेली गरम कोंबडी घेतली होती आणि काउंटरवरच्या पोराने सांगितलं ही कार्डावर चालणार नाही. तीच कोंबडी फ्रिजमध्ये ठेवून गार केलेली असली तर चालते, गरम असली की ते हॉटेलचं खाणं धरतात. साबण, डायपर पण नाही चालत. तिने निमूटपणे गारवाली आणली, मी फोनमध्ये काहीतरी बघतेय असं दाखवलं. नंतर ओळख वाढल्यावर तिने सांगितलं की शाळा तिला जास्तीचे तास देत होती, तिने नको म्हटलं, कारण कमाई थोडी वाढली की कार्डाचे पैसे कमी होणार आणि पाळणाघराची सवलत जाणार, मग हातात आधीपेक्षा कमीच. आणि २०२५ च्या ऑक्टोबरात वॉशिंग्टनमधे सरकारचं कामकाज बंद पडलं आणि नोव्हेंबरात त्या कार्डाचेच पैसे अडकले, आमच्या शाळेने पालकांकडून डबाबंद चणे आणि पास्ता गोळा केला. जगातला सगळ्यात श्रीमंत देश, बाबा! वरच्या एक टक्का लोकांकडे देशातली तीस टक्के संपत्ती आणि खालच्या निम्म्या जनतेकडे मिळून तीन टक्के पण नाही.

जमत नाही असंही नाही ना, जमतं हे त्यांनीच करून दाखवलंय. २०२१ ला जुलैपासून डिसेंबरपर्यंत जवळपास सगळ्या आईबापांच्या खात्यात मुलामागे महिन्याला अडीचशे-तीनशे डॉलर आपोआप आले, त्या वर्षी मुलांमधली गरिबी ५.२ टक्क्यांवर आली, मदत बंद केली आणि पुढच्याच वर्षी १२.४. मी इथे मत देऊ शकत नाही म्हणून नुसती चिडचिड करते.

आता नानाकाका म्हणतात ना, तिकडे म्हाताऱ्यांना सरकार बघतं, त्याचं. अर्धं खरं आहे. १९३५ साली रूझवेल्टने सोशल सिक्युरिटी आणली, नोकरी करणाऱ्या जवळपास प्रत्येकाच्या पगारातून ६.२ टक्के कापतात आणि तेवढेच कंपनी भरते, कमीत कमी दहा वर्षांचं काम झालं की म्हातारपणी दर महिन्याला पैसे. ६५ नंतर मेडिकेअर, म्हणजे आजारपणाचा विमा, त्याचा कायदा १९६५ चा. समोरच्या आजींचं सगळं याच दोन गोष्टींवर चाललंय. चेक दोनेक हजारांचा, घराचं कर्ज कधीच फिटलंय पण घरपट्टी भरायचीच, आणि म्हणून शाळेच्या नव्या इमारतीसाठी मतदान होतं तेव्हा त्या विरोधात मत देतात, मला तोंडावर सांगितलं, माझी मुलं शिकून गेली, आता मी औषधं घेऊ का तुमच्या मुलांना जिम बांधून देऊ. मला उत्तर सुचलं नाही. आणि अंथरुणाला खिळल्या तर नर्सिंग होमचा वर्षाचा खर्च लाख डॉलरच्या पुढे, तो मेडिकेअर देत नाही, आधी साठवलेलं सगळं संपवायचं, मग गरीब म्हणून दुसरी योजना, मेडिकेड. आई, तुला वाटतं तिकडे म्हातारे किती मजेत फिरतात, ते फिरणारे वेगळे गं.

आमचं म्हणाल तर आमचे ते कापलेले पैसे वाया जाणार नाहीत, दहा वर्षं झाली. पण समीरचा मित्र सहा वर्षांनी पुण्याला परत गेला, त्याचं सगळं इथेच राहिलं, कारण भारत आणि अमेरिकेत याबाबतीत करारच नाही. आणि समीरची नोकरी गेली होती तेव्हा तुम्ही बघितलंच, व्हिसावर ६० दिवसांत दुसरी शोधा आणि आजारपणाचा विमा पण नोकरीबरोबर जातो. दुसऱ्या महायुद्धात सरकारने पगारवाढ गोठवली म्हणून कंपन्यांनी त्याऐवजी विमा द्यायला सुरुवात केली, ते अजून तसंच चालू आहे. त्या दोन महिन्यांत सईला साधा ताप आला तरी माझ्या पोटात गोळा यायचा.

तर तुमचं इकडे कायमचं यायचं जे नानाकाकांनी डोक्यात घातलंय त्याबद्दल. आधी आमच्यातल्या कोणीतरी नागरिक व्हायला पाहिजे, ते कधी होईल कोण जाणे. पुढे ग्रीन कार्ड मिळालं तरी पहिली पाच वर्षं मेडिकेअर नाही, मेडिकेड आणि जेवणाचं कार्ड पण नाही, आणि पाच वर्षांनी मेडिकेअर मिळेल ते पैसे भरून, कारण तुम्ही इथे नोकरी केलेली नाही. दोघांचे मिळून महिन्याला हजाराच्या वर डॉलर. बाबा, तुमची पेन्शन तिकडे रुबाबात पुरते, इथे त्यात तुमचा विमाही निघणार नाही.

उन्हाळ्यात मात्र यायचंच आहे. तिकिटं समीर बघतोय, त्याच्याआधी मला विमा काढायचाय, कारण इथे पडलात-धडपडलात आणि नुसती ॲम्ब्युलन्स आली तरी बिल हजारात जाऊ शकतं. साध्या पॉलिसीत आधीपासूनचं दुखणं धरत नाहीत, म्हणून बाबा तुमच्या बीपीच्या आणि आईच्या थायरॉइडच्या गोळ्यांची नावं, डोस आणि कधीपासून चालू आहेत ते डॉक्टरांकडून लेटरहेडवर लिहून घ्या आणि फोटो पाठवा. आईच्या गुडघ्याचा जुना एक्स-रे कपाटात असेल तर तोही. आई, लोणचं सामानात ठेवशील तर बरणी काचेची नको.

तुमची,
मनू