पेशी शिकते, म्हणून तिला जाणीव असते?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीतला ‘पेशीलाही मन असते’ हा लेख वाचला. पेशी शिकते, म्हणून तिला जाणीव असते, असा त्याचा सूर. आर्थर रेबर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाचे नाव मराठी वृत्तपत्रात क्वचितच दिसते, म्हणून उत्सुकतेने वाचायला घेतला आणि अर्ध्यावर पोहोचेपर्यंत चिडले. रेबर यांची दोन निरनिराळी कामे लेखकाने एका माळेत ओवली आहेत. माणूस नकळत कसा शिकतो हे त्यांतले एक, ते अनेक दशकांच्या प्रयोगांवर उभे आहे; प्रत्येक पेशीला जाणीव असते हे दुसरे, ते एक धाडसी मत आहे. पहिल्याची पत दुसऱ्याला उसनी देता येत नाही. उलट पहिले काम दुसऱ्याच्या आड येते असे मला वाटते, आणि लेखात नेमके तेच कुठे नाही.

१९६७ साली रेबर यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. मोजकी रोमन अक्षरे घेऊन त्यांनी एक बनावट व्याकरण रचले होते. कोणत्या अक्षरामागून कोणते येऊ शकते याचे काही नियम ठरवले आणि ते कोणाला सांगितले नाहीत. त्या नियमांत बसणाऱ्या अक्षरांच्या ओळी लोकांना पाठ करायला दिल्या. ही स्मरणशक्तीची चाचणी आहे, एवढीच त्यांची समजूत. पाठांतर झाल्यावर त्यांना सांगण्यात आले की या ओळींमागे नियम होते, आता या नव्या ओळींतल्या नियमाला धरून असलेल्या कोणत्या ते ओळखा. नुसत्या अंदाजाने जितकी उत्तरे बरोबर यावीत त्याहून बरीच जास्त त्यांनी बरोबर दिली. नियम काय होते ते मात्र कोणालाच धड सांगता येईना. या प्रकाराला रेबर यांनी ‘इम्प्लिसिट लर्निंग’ म्हटले. नकळत शिकणे म्हणू या.

मुंबईकराला याचा पुरावा शोधायला प्रयोगशाळेत जावे लागत नाही. आमच्या पार्ल्याच्या बाजारातला भाजीवाला मूळचा जौनपूरचा. मराठीची शाळा त्याने पाहिलेली नाही, पण तो ‘ताजी मेथी’, ‘कोवळा मुळा’ आणि ‘गोड गाजर आहे, घ्या ते’ असे अचूक बोलतो. मेथी स्त्रीलिंगी, मुळा पुल्लिंगी आणि गाजर नपुंसकलिंगी का, असे विचारले तर हसतो. ते मलाही सांगता येत नाही. (कोबी ‘तो’ की ‘ती’, यावर आमच्या इमारतीतच एकमत नाही, तेव्हा त्याला दोष नको.)

रेबर यांच्या निष्कर्षावर आक्षेपही आले, आणि लेखात ते यायला हवे होते. १९९० मध्ये फ्रान्समधल्या संशोधकांनी असा मुद्दा मांडला की लोक अमूर्त नियम वगैरे शिकतच नाहीत, त्यांच्या लक्षात राहतात त्या अक्षरांच्या ठरावीक जोड्या, आणि त्यांवरच ते उत्तरे देतात. हा वाद अजून पुरता मिटलेला नाही. पण काही गोष्टी टिकल्या. १९९२ मध्ये स्मृतिलोपाच्या (अम्नेशियाच्या), म्हणजे नवे काही लक्षात न राहणाऱ्या, रुग्णांना अशीच चाचणी दिली गेली. आपण नेमक्या कोणत्या ओळी पाहिल्या होत्या हे ओळखताना ते अडखळले, मात्र नियमाला धरून असलेल्या नव्या ओळी त्यांनी निरोगी माणसांइतक्याच ओळखल्या. त्याआधी १९९१ मध्ये रेबर आणि सहकाऱ्यांना असे दिसले की जाणीवपूर्वक कोडी सोडवण्याचा बुद्ध्यंकाशी संबंध असतो, नकळत शिकण्याचा मात्र जवळजवळ नसतो.

हा शेवटचा मुद्दा पालकांनी नीट वाचावा, कारण त्या लेखाच्या खालीच ‘अवचेतन मन जागृत करा, मुलांची बुद्धी वाढवा’ अशी एका क्लासची जाहिरात होती. मांडणी करणाऱ्याचा खोडसाळपणा म्हणा किंवा योगायोग. नकळत शिकण्याची ही क्षमता हुशार आणि सामान्य मुलांत फारशी कमीजास्त नसते. तिला खुराक लागतो तो भरपूर ऐकण्या-पाहण्याचा आणि वेळेचा. तिचे बटण दाबून देण्याची फी कोणी घेत असेल तर त्याने रेबर वाचलेले नाहीत.

आता दुसरे काम. १९९७ साली एका निबंधात रेबर यांनी सुरवंटाला जाणीव असते का असा प्रश्न घेतला आणि पुढे ते थेट पेशीपर्यंत पोहोचले. २०१९ मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रान्टिशेक बालुष्का यांच्याबरोबर लिहिलेल्या लेखात त्यांचे म्हणणे स्पष्ट आहे: जीव आणि जाणीव एकदमच जन्माला आले आणि प्रत्येक पेशीला, अगदी जिवाणूलाही, काहीतरी ‘वाटते’. त्यांचा युक्तिवाद पोकळ नाही. मेंदू अमुक इतका गुंतागुंतीचा झाला की त्यात अचानक जाणीव उगवते असे मानले, तर ती कुठल्या पायरीवर उगवली आणि कशी, याचे उत्तर कोणापाशी नाही. मग ती पहिल्या पायरीवरच होती असे का मानू नये? ही अडचण खरीच आहे. पण अडचण टळते म्हणून उत्तर बरोबर ठरत नाही.

आतड्यातला ई. कोलाय हा जिवाणू घ्या. साखरेसारखे अन्न ज्या बाजूला वाढत जाते तिकडे तो सरळ पोहत राहतो. परिस्थिती बिघडू लागली की जागीच कोलांट्या घेऊन दिशा बदलतो. यासाठी त्याला आत्ताची चव काही सेकंदांपूर्वीच्या चवीशी ताडून पाहावी लागते, म्हणजे स्मृती लागते, आणि ती त्याला आहे. ती कुठे असते तेही माहीत आहे: पेशीच्या पृष्ठभागावरच्या ग्राहक प्रथिनांना मिथाइल गट नावाचे छोटे रासायनिक तुकडे चिकटवणारे एक विकर (एन्झाइम) आणि ते काढणारे दुसरे. हिशोब तिथे पूर्ण होतो, जाणीव मध्ये आणावी लागत नाही. लेखकाने याच उदाहरणावरून ‘जिवाणूला भूक कळते’ असे लिहून टाकले आहे.

जीवशास्त्र शिकवत असताना तळ्याच्या पाण्याचे थेंब मुलांना सूक्ष्मदर्शकाखाली दाखवणे हा माझा आवडता तास होता. त्यात कधी कधी स्टेंटर सापडायचा. एकाच पेशीचा, तुतारीच्या आकाराचा हा जीव. १९०६ मध्ये अमेरिकी प्राणिशास्त्रज्ञ हर्बर्ट जेनिंग्ज यांनी लिहून ठेवले आहे, की त्याच्यावर रंगाची पूड सोडत राहिले तर तो आधी वाकून बाजूला होतो, मग अंगावरचे सूक्ष्म केस उलटे फिरवून पूड ढकलतो, मग आक्रसतो आणि शेवटी बूड सोडवून निघून जातो. पुढे हा प्रयोग इतरांना जमला नाही आणि त्यावरचा विश्वास उडाला. २०१९ मध्ये हार्वर्डच्या संशोधकांनी प्लॅस्टिकचे सूक्ष्म मणी वापरून तो पुन्हा केला आणि जेनिंग्ज बरोबर निघाले. मुले पाहून थक्क व्हायची आणि ‘बाई, याला राग येतो का?’ असे विचारायचीच. प्रश्न उत्तम आहे. पण प्रतिसादांची ती उतरंड बघून राग सिद्ध होत नाही.

रेबर यांचेच काम इथे आडवे येते. शिकणे घडते आणि शिकणाऱ्याला त्याचा पत्ता नसतो, हे दाखवण्यात त्यांची कारकीर्द गेली. मग पेशी शिकते यावरून पेशीला जाणीव आहे असे कसे म्हणायचे? त्यांच्या बाजूने एक उत्तर देता येईल: प्रयोगातला माणूस जागा असतो, अक्षरे त्याला दिसत असतात, नकळत राहतो तो फक्त नियम. मान्य. तरी निष्कर्ष एवढाच निघतो की शिकण्यावरून जाणिवेबद्दल काहीच ठरवता येत नाही, हो म्हणून नाही आणि नाही म्हणूनही नाही.

लेखात सर जगदीशचंद्र बोस यांना साक्षीला बोलावले आहे. बोलवावेच, पण त्यांचे पूर्ण म्हणणे ऐकावे. १९०२ सालच्या त्यांच्या ग्रंथाच्या नावातच सजीव आणि निर्जीव दोन्ही आहेत. धातूच्या तारेलाही विद्युत प्रतिसाद असतो, ती ‘थकते’ आणि विषाने मंदावते, असे त्यांनी मोजून दाखवले. प्रतिसाद हाच जाणिवेचा पुरावा मानायचा तर कथिलाच्या तारेलाही मन द्यावे लागेल. ती तयारी लेखकाची दिसत नाही.

त्या लेखाच्या शेवटच्या परिच्छेदात गाडी पूर्वजांच्या ज्ञानावरून टेलिपथीवर गेली, तीही रेबर यांच्या नावाने. याच रेबर यांनी मानसशास्त्रज्ञ जेम्स अल्कॉक यांच्याबरोबर लेख लिहून अतींद्रिय शक्तीचे दावे खरे असूच शकत नाहीत अशी कडक भूमिका घेतली आहे. एवढे तरी शोधून पाहायचे.

जाणिवेचा प्रश्न खरोखर जिथे अंगाशी येतो ती जागा वेगळीच आहे. आमच्याच बाजारात चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, नांगे बांधून टोपलीत जिवंत ठेवलेल्या असतात. मी मासे खाते, सोवळे सांगत नाही. पण प्राण्यांच्या वर्तनाचे अभ्यासक रॉबर्ट एलवूड यांनी शंखात राहणाऱ्या खेकड्यांना सौम्य विजेचे झटके देऊन पाहिले, तेव्हा नावडत्या शंखातले खेकडे लवकर बाहेर पडले, आवडत्या शंखातले सोसत राहिले. झटका बसताच अंग मागे घेण्यापलीकडचे हे काही आहे, कारण इथे सोसणे आणि गमावणे यांची तुलना होते. २०२२ मध्ये ब्रिटनने प्राण्यांच्या संवेदनशीलतेच्या कायद्यात खेकडे, कोळंबी आणि माकूळ यांना घेतले. एप्रिल २०२४ च्या न्यूयॉर्क जाहीरनाम्यात शास्त्रज्ञांनी सस्तन प्राणी आणि पक्ष्यांना जाणीव असल्याला भक्कम आधार असल्याचे म्हटले, आणि कीटकांपर्यंत तिची वास्तव शक्यता मान्य केली. एकेकट्या पेशीचे नाव त्या यादीत नाही.

पुढच्या रविवारी बोस आणि टेलिपथी या दोन मुद्द्यांवर दुरुस्ती छापावी, ही विनंती. जागा उरलीच तर चिंबोरीवर लेख मागवा. कोळीणबाईंनाही विचारा, आमच्यापेक्षा जास्त चिंबोऱ्या त्यांनी जवळून पाहिल्या आहेत.

आपली,
एक निवृत्त जीवशास्त्र शिक्षिका,
विलेपार्ले (पूर्व), मुंबई