नळ मीच बसवले, मीच काढले

मा. संपादक,

स. न. वि. वि.

आपल्या पेपरात आतल्या पानांवर बँकांच्या ताबा सूचना, म्हणजे कर्ज थकलं म्हणून घर ताब्यात घेतल्याच्या नोटिसा, छापून येतात. बारीक अक्षर, कर्जदाराचं नाव, फ्लॅटचा नंबर, चतुःसीमा. लोक पान उलटतात, मी वाचतो. मी प्लंबर आहे. २६ वर्षं चिखली-मोशी भागात काम करतोय, त्यामुळे त्यातल्या बऱ्याच इमारती मला आतून माहीत आहेत. अशाच एका फ्लॅटबद्दल लिहायचं आहे. त्यात माझाही हात आहे, म्हणून नाव छापू नका.

२०१६ साली मोशीत तिसऱ्या मजल्यावरच्या टू बीएचकेचं काम मला मिळालं. मालक आमच्याच तालुक्यातले, त्यांना मी भाऊ म्हणतो. बिल्डरचे हलके नळ काढून त्यांनी चांगल्या कंपनीचे घेतले. बाथरूमला वॉल मिक्सर, बेसिनला उंच मानेचा नळ आणि वहिनींच्या हट्टासाठी ओट्याशेजारी फिल्टरचा वेगळा पॉइंट. भाऊ चाकणला कारखान्यात होते, हप्ता २७ हजारांचा. वास्तुशांतीला मी पंगतीत जेवलोय.

२०२० च्या लॉकडाउनमध्ये भाऊंचं काम सुटलं. मार्च ते ऑगस्ट हप्ते पुढे ढकलायची सवलत होती, पण ती माफी नव्हती, व्याज चालूच होतं. भाऊंना हे सप्टेंबरात समजलं. पुढे दुसरीकडे निम्म्या पगारावर लागले. थोडे हप्ते भरले, थोडे राहिले, मग राहतच गेले. ९० दिवस थकले की खातं एनपीए, म्हणजे बँकेच्या लेखी थकीत कर्जात जमा. मग ६० दिवसांची नोटीस, मग दारावर चिकटवलेला कागद आणि पेपरात सूचना. हा ताबा नुसता कागदावरचा. कुलूप लावायला पोलीस बंदोबस्तात माणसं येतात ती जिल्हादंडाधिकाऱ्यांचा हुकूम झाल्यावर, आणि त्याला महिने जातात. घर तुटतं ते या मधल्या महिन्यांत.

एका रविवारी भाऊंचा फोन आला, "पाने-पकड घेऊन ये."

मी गेलो. वॉल मिक्सर काढला, नळ काढले, गीझर उतरवला. कमोडपाशी थांबलो. म्हटलं, "भाऊ, हे राहू द्या. सिमेंटात बसलंय, जुनं कोणी घेतही नाही." ते म्हणाले, "नको घेऊ दे कोणी, बँकेला राहायला नको." काढताना ते फुटलंच. ओट्याच्या ग्रॅनाइटचे तीन तुकडे झाले, म्हणजे तोही कोणाच्या कामाचा राहिला नाही. वायरमनने पाइपांतून तांब्याच्या वायरी ओढल्या. ट्रॉल्या, लोखंडी सेफ्टी डोअर, आतली दारं बिजागऱ्यांसकट खाली गेली आणि भंगारवाल्याचा टेम्पो भरला. सगळे मिळून १८,५०० रुपये आले. त्यातले दीड हजार माझी मजुरी. मी घेतली.

वहिनींनी त्या उघड्याबोडक्या घरात शेवटचा झाडू मारला. फरशी पुसायला बादली घेऊन उभ्या राहिल्या, तेव्हा लक्षात आलं की घरात नळच नाही.

भाऊ लबाड माणूस नाहीत. वसुलीवाल्यांनी शेजाऱ्यांना फोन केले होते, पोरीच्या क्लासच्या बाईंनाही केला होता. तो राग कुठेतरी निघायचा, तो कमोडवर निघाला. पण हिशोब चुकला, आणि तो हिशोब मला वर्षभराने कळला.

झालं असं, की त्याच फ्लॅटमधून मला पुन्हा फोन आला. डक्टच्या झडपेवर माझा नंबर मार्करने लिहिलेला होता. लिलावात घर घेतलेले एक निवृत्त गुरुजी बोलत होते. गेलो, तर दिव्याच्या जागी होल्डरची भोकं आणि नळाच्या जागी मीच ठोकलेले प्लास्टिकचे डमी प्लग. गुरुजींनी विचारलं, "मूळ काम कोणाचं?" म्हटलं, माझंच. पुढचं बोलायचं धाडस झालं नाही. सगळं पूर्ववत करायला त्यांना २ लाख १० हजार लागले. वॉल मिक्सर मी त्या दिवशी भंगारात जाऊ दिला नव्हता, भाऊंकडून घेऊन ठेवला होता. तोच परत लावला, गुरुजींना त्याचे पैसे लावले नाहीत.

गुरुजींनी सांगितलं, पहिल्या लिलावाला कोणी फिरकलंच नाही. लोक घर बघून खाली उतरायचे. 'जेथे आहे, जसे आहे' म्हणजे फुटलेल्या कमोडसकट घ्यायचं. मग किंमत उतरवली आणि २९ लाखांना गेलं. त्याच इमारतीतला, दारंखिडक्या जागेवर असलेला फ्लॅट लिलावातच ३४ लाखांना गेला होता. भाऊंकडे बँकेचं येणं खर्चासकट ३३ लाख होतं.

आता गोम इथे आहे. गुरुजींच्या वकिलांनी मला समजावलं, की लिलावात बँकेच्या येण्यापेक्षा जास्त पैसे आले तर वरचे कर्जदाराला परत मिळतात. कमी आले तर तूट त्याच्याच डोक्यावर राहते, आणि जामीनदाराच्याही. म्हणजे मी पकडीने बँकेचं काही काढत नव्हतो, भाऊंच्याच खिशातून काढत होतो. वकिलांनी आणखी एक दाखवलं. १८६० च्या दंडविधानात, ४२५ व्या कलमाखाली उदाहरणच आहे: आपल्या वस्तू जप्तीत जाणार हे माहीत असून, ज्याचे पैसे द्यायचे त्याला वसुली मिळू नये म्हणून त्या नष्ट करणारा माणूस गुन्हेगार. स्वतःच्या वस्तू असल्या तरी. आता नव्या न्याय संहितेत हा गुन्हा ३२४ व्या कलमात आहे. मी विचारलं, "आणि पकड चालवणारा?" वकील नुसते हसले. मला हसू आलं नाही.

गुरुजींचा मुलगा अमेरिकेत असतो. २००८ च्या मंदीत तिथेही घरं सोडून जाताना लोकांनी असंच केलं म्हणे. तिथे पाण्याचे पाइपच तांब्याचे, मग काय विचारता! शेवटी कितीतरी बँका कर्जदाराला थोडे डॉलर द्यायला लागल्या: घर झाडून, आहे तसं ठेव, चावी दे आणि पैसे घे. आपल्याकडे हे का होऊ नये? नोटिशीबरोबर माणूस पाठवा, घरातल्या वस्तूंची यादी करा, फोटो काढा, चावी देताना यादी जुळली तर टेम्पोभाडं आणि नव्या खोलीचं डिपॉझिट द्या. जिथे ५ लाखांचा फरक पडतो, तिथे ५० हजार जड नाहीत. कोणी म्हणेल, बुडव्यांना बक्षीस कशाला? म्हणू द्या. फुटक्या घराचा तोटाही कोणीतरी भरतोच.

आणि त्या नोटिशीवर अगदी वर, ठळक मराठीत दोन ओळी छापा: जास्त आलेले पैसे तुमचे, कमी पडलेले पैसेही तुमचेच. भाऊंच्या नोटिशीत कलमांचे आकडे भरपूर होते. अर्थ सांगणारं कोणी भेटलं नाही.

भाऊंना जामीन त्यांचे साडू होते. त्यांना ४ लाखांच्या तुटीचं पत्र आलंय. दोघांत बोलणं बंद आहे. परवा साडू माझ्या दुकानात आले, स्टुलावर बसले, चहा नको म्हणाले. त्यांना एकच विचारायचं होतं, "त्या दिवशी भंगाराचे सगळे मिळून आले किती होते?"

मी आकडा सांगितला.

आपला,
एक प्लंबर, चिखली
(नाव व पत्ता आपल्या माहितीसाठी वेगळा जोडला आहे.)