वनमंत्री साहेब, माजावरच्या मेरूमागे फिरणाऱ्यांना जरा आवरा

माननीय वनमंत्री, गोवा राज्य यांस,

साहेब नमस्कार. मी सत्तरीतला, वाळपईच्या वरच्या अंगाचा. दिवाळी आटोपली की आमच्याकडे थंडी पडते आणि मेरू माजावर येतो. शहरात बसलेल्यांसाठी सांगतो, मेरू म्हणजे सांबर.

नोव्हेंबर-डिसेंबरात नराचं डोकं ठिकाणावर नसतं. चिखलात लोळून अंग काळंकुट्ट करतो, झाडावर शिंगं घासत सुटतो, खाण्याकडे लक्ष नाही, मादीच्या मागे कुठच्या कुठे जातो. एरवी पाचोळा वाजला तरी पोंक करून पसार होणारं जनावर ते, पण या दिवसात माणूस किती जवळ आलाय याचं भान त्याला राहत नाही. माझे आजोबा पारधीला जायचे (लपवून काय करू, तेव्हा अर्धा गाव जायचा) आणि त्यांची पारध याच दिवसात जास्त व्हायची.

आता बंदुकीच्या जागी मोबाईल आलाय. शनिवारी रात्री बाईक रस्त्याकडेला लावतात, डोक्याला टॉर्च बांधतात आणि व्हाळातून (ओढ्यातून) पायी मेरूच्या मागे. जनावर हललं की हे पुढे सरकतात, थांबलं की हे पण थांबतात, तास तास चालतं हे, क्लोजअप पाहिजे ना! विचारलं तर म्हणे आम्ही फोटोच तर काढतो. अहो पण दमलेल्या, अर्धपोटी नराला रात्रभर पळवलं आणि मादी भलतीकडे गेली तर झालं ना वर्ष वाया. मादी आठेक महिने पोटात वागवते, पिल्लू पावसाळ्यात होतं तेव्हा त्याला कोवळा चारा मिळतो. हा हिशेब रीलवाल्याला कुठून कळणार. वर तो जागेचं नाव टाकून व्हिडिओ सोडतो, म्हणजे बंदूकवाल्याला आयता पत्ता.

१९७२ च्या कायद्यात शिकार म्हणजे नुसतं मारणं नाही, जनावराला हाकणं पण त्यातच येतं. आणि १९९९ पासून आमचं हे रान म्हादई अभयारण्य आहे, २०८ चौरस किलोमीटर, बाहेरच्याला परवान्याशिवाय आत यायला बंदी. मागच्या वर्षी मी रात्री साडेअकराला फोन केला, कुठल्या ऑफिसात ते सोडा. उत्तर मिळालं, "बंदूक आहे का त्यांच्याकडे? नाही ना, मग सकाळी बघू."

सकाळी काय बघणार? बाईकच्या चाकांचे ठसे?

२०२० च्या जानेवारीत गोळावलीत चार वाघ विषाने मेले, गाय मारली म्हणून. रानात मेरू भरपूर असेल तर वाघ गोठ्याकडे कशाला वळेल. व्याघ्र प्रकल्प हवा की नको यावर हायकोर्टाने २०२३ मध्ये सांगून झालंय, तुमचं-आमचं भांडण पण चालूच आहे, ते चालू दे. माझं मागणं छोटं आहे. नोव्हेंबर ते जानेवारी, संध्याकाळ ते सकाळ, लोळणीच्या जागांकडे जाणाऱ्या पायवाटा बंद करा आणि राखणीला गावचीच पोरं घ्या, रोजंदारीवर का होईना, त्यांना अंधारात पण वाट सापडते.

कोणाला तरी पाठवा, तीन लोळणी मी स्वतः दाखवतो. दुपारी या म्हणजे झालं, आणि सोबत फोटोग्राफर आणू नका.

आपला,
सत्तरीचा एक शेतकरी