जंत नव्हेत हो, आणि 'सापडले' तर मुळीच नाहीत

मा. संपादक,
स.न.वि.वि.

'उकळत्या पाण्यात सापडले नवे जंत' ही तुमची कालची बातमी वाचली आणि चहा हातातच गार झाला. जंत पोटात होतात, समुद्रतळाच्या उष्ण झऱ्यांपाशी राहतात ते कृमी. आणि पाणी तिथे उकळत नाही, अडीच हजार मीटर खाली दाबच इतका की ३५० अंशाचं पाणीसुद्धा उकळत नाही, शिवाय हे जीव त्या धारेत नाही तर कडेला, गार पाणी मिसळतं तिथे राहतात. फोटोची तर कमालच. बातमी तीन मिलिमीटरच्या कृमीची आणि फोटो दोन मीटर वाढणाऱ्या, लाल तुऱ्याच्या रिफ्टिया नावाच्या भल्यामोठ्या कृमीचा!

पण खरा राग आला तो 'पाणबुडी उतरली आणि नवी जात सापडली' या वाक्याचा. इतकं सोपं असतं तर काय हवं होतं. शिकत असताना मी पाच महिने रोज मायक्रोस्कोपला डोळा लावून चाळणीत उरलेला गाळ निवडलाय, अल्कोहोलच्या वासाने डोकं दुखायचं आणि घरी गेलं की प्रश्न एकच, "सापडलं का काही?" एकदा एक कृमी सापडला, अंगावरचे राठ केस मोजत होतो, कुठल्याच वर्णनाशी जुळेनात, म्हणून ब्रशने जरासा उलटा केला तर डोकं एकीकडे आणि धड एकीकडे. डोकं परत मिळालंच नाही. धड 'ओळख पटली नाही' अशी चिठ्ठी लावलेल्या बाटलीत गेलं, अजून तिथेच असेल.

१९७७ ला पॅसिफिकमधल्या गॅलापागोस बेटांजवळ हे झरे पहिल्यांदा दिसले तेव्हा जहाजावर एकही जीवशास्त्रज्ञ नव्हता, काही नमुने चक्क व्होडकात बुडवून आणले होते, आणि त्या रिफ्टियाला रीतसर नाव मिळायला १९८१ उजाडलं. तो तर माणसाहून उंच. एकूणच नमुना गोळा केल्यापासून नवी जात जाहीर होईपर्यंत सरासरी २१ वर्षं जातात, असं २०१२ च्या एका अभ्यासात दिसलंय. म्हणजे तुमच्या बातमीतला 'सापडला'चा दिवस नेमका कुठला?

मोठी बातमी दिलीत त्याचं कौतुकच आहे, एरवी विज्ञानाला राशिभविष्याच्या खालची चार बोटं जागा मिळते. आणि हो, त्याच पानावर शब्दकोड्याचं उत्तर सलग तिसऱ्या दिवशी छापलेलं नाही. आडवे सात काय आहे ते तेवढं कळवा.

आपला,
एक जुना वाचक